वाक्य अपूर्ण आहे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नोटीस बोर्ड वाचणारी एकच व्यक्ती होती, आणि ती लाल पेनाने वाचायची. उपासनी बाई. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. लाल बॉलपेन त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं असायचं. 'पाणि येणार नाही' दिसलं की पेन निघालंच. ऱ्हस्व 'णि'ला गोल, शेजारी दीर्घ 'णी' आणि खाली गुण. दहापैकी चारच्या वर सोसायटी कधी गेली नाही.

माझ्या मावसभावाची लग्नपत्रिका त्यांनी सहा चुका काढून परत पाठवली होती. आहेरासकट, हे सांगायला हवं. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "वाक्य अपूर्ण आहे." भाजीवाला "ताजी आहे" म्हणाला तरी त्या विचारायच्या, "काय ताजी आहे? वाक्य अपूर्ण आहे." तो बिचारा "मेथी, बाई, मेथी" म्हणून मोकळा व्हायचा.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि प्रत्येकाचा कुणी ना कुणी अमेरिकेला चालला होता. मलाही कॉम्प्युटरमध्येच जायचं होतं. क्लाससाठी बाबांना पटवायला मला चार महिने लागले होते.

एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर बस चुकली. आमच्याच सोसायटीतला, आमच्याच क्लासमधला निनाद म्हणाला, "चल, सोडतो." त्याला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. मी मोटारसायकलवर मागे बसले आणि लख्ख उजेडात गेटपाशी उतरले. एवढंच.

तिसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली. 'सोसायटीतील मुलींनी मुलांच्या गाडीवर बसून येऊ नये. सोसायटीच्या लौकिकास बाधा येते. हुकमावरून.' हुकूम सेक्रेटरी पटवर्धनकाकांचा. नाव कुणाचंच नव्हतं, पण सगळ्यांना ते वाचता आलं. निनादची आई जिन्यात कौतुकाने सांगत होती, "आमचा निनाद म्हणजे काय, हिरोच झालाय!" आणि आमच्या घरात बाबा म्हणाले, "उद्यापासून क्लास बंद."

मी खूप रडले. पण त्याहून वाईट म्हणजे, आपण खरंच काहीतरी केलंय असं मलाही वाटायला लागलं. मी मागच्या फाटकातून ये-जा करायला लागले. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून घट्ट बसवायला लागले. निनाद मात्र पुढच्या गेटने शीळ घालत जायचा.

इकडे नोटीस लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्यावर लाल अक्षरं उमटली. 'मुले या शब्दात मुलीही येतात. आपणांस मुलगे म्हणायचे आहे काय? तसेच गाडी चालवणाऱ्यास सूचना नाही. वाक्य अपूर्ण. दहापैकी दोन.'

पटवर्धनकाकांनी नोटीस नव्याने लिहिली, 'मुलींनी मुलग्यांच्या गाडीवर बसू नये.' बाईंनी खाली लिहिलं, 'व्याकरण शुद्ध. विचार अशुद्ध. शून्य.'

मग मात्र काकांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "अहो बाई, मुलग्यांना काय सूचना द्यायची? ते मुलगे आहेत!"

"अहो पटवर्धन, मी तीच तर चूक काढतेय."

"लोक काय म्हणतील ते मुलींनाच म्हणतात ना?"

"लोकांनी अजून काही म्हटलं नव्हतं. पहिलं तुम्हीच म्हणालात. तेसुद्धा अशुद्ध."

त्याच संध्याकाळी बाईंनी खालून निनादला हाक मारली. "अरे निनाद, गाडी काढ. मला मेथी आणायची आहे." सहासष्ट वर्षांच्या बाई पदर खोचून मोटारसायकलवर एका बाजूने बसल्या. एक हात निनादच्या खांद्यावर, दुसऱ्यात पिशवी. मेथी घेऊन परत आल्यावर उतरल्याच नाहीत. "अजून एक फेरी मार. जोरात मार रे, मी काही पापड नाही मोडायला!" अशा सोसायटीला तीन फेऱ्या झाल्या. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी वर बघून आवाज दिला, "पटवर्धन, बसले हो मी मुलग्याच्या गाडीवर! लौकिकास बाधा आली की कळवा!"

पहिल्या हसल्या त्या पटवर्धनकाकू. मग सगळी सोसायटी हसली, शेवटी काकासुद्धा. खाली येऊन नोटीस त्यांनीच काढली. आमच्या गॅलरीत बाबा डोळे पुसत हसत होते. हसू ओसरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या क्लास किती वाजता आहे?"

मी खाली धावले आणि बाईंची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. एकटीचं घर, टेबलावर एकच ताट. बाई गुडघा चोळत बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही आधी कधी असं कुणाच्या मागे बसला होतात?"

"एकदा. मॅट्रिकला होते. भावाच्या मित्राने शाळेतून सायकलवर घरी आणलं. साताऱ्याला, आमच्या आळीत. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद. पुढे अकरा वर्षांनी बाहेरून परीक्षा दिली. लग्नाचं मग कुणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं."

"आणि तो मुलगा?"

"त्याला त्याच्या वडिलांनी बजावलं, सायकल जरा हळू चालवत जा."

मी मेथीची जुडी सोडली आणि त्यांच्यासमोर निवडायला बसले. बाईही निवडायला लागल्या. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र पन्नास वर्षांत मी कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलीच नाही म्हणा."

"काय, बाई?"

"उतारावर त्याने दोन्ही हात सोडले होते," बाई म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. "मला फार मजा आली होती गं."