साडेपाचचे अकरा झटके

ठोका पहिला

हिमनदीच्या पोटात काय आहे, हे वर उभं राहून ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे! बर्फ दोनशे मीटर जाड असो नाहीतर तीनशे. मी पोलादी पाटावर आठ किलोचा हातोडा घालतो, धक्का खाली जातो, तळाला आपटून परत येतो, आणि बर्फात खोचलेले माझे अठ्ठेचाळीस जिओफोन कान टवकारून त्याची चाहूल घेतात. खाली खडक आहे, चिखल आहे की पाणी, हे त्यावरून मी सांगतो. डॉक्टर पोटावर बोटं वाजवून बघतात, तसंच. फक्त आमचा पेशंट नऊ किलोमीटर लांबीचा आहे आणि सांगूनही कुशीवर वळत नाही.

याच पेशंटची दुसरी डॉक्टर म्हणजे माझी बायको. ती रडारवाली. घसरगाडीवर रडार लादून दोन मोसम तिने ही हिमनदी उभी-आडवी पिंजून काढली होती. एका जागी तळाचा प्रतिध्वनी आरशासारखा चमकतो, म्हणजे तिथे पाणी आहे, असं तिचं म्हणणं. तिथे तिने लाल झेंडा रोवला होता.

"चमकतं ते सगळं पाणीच कशावरून?" मी म्हणालो.

"तू गप्प बस. तुला घरी डोळ्यांसमोरचा मोजा सापडत नाही, आणि म्हणे दोनशे मीटर खालचं दिसतं!"

ठोका दुसरा

छावणीतले तिसरे गृहस्थ आमचे सासरे. चौतीस वर्षं शाळेत व्यायामशिक्षक होते. ठरलेला स्वयंपाकी ऐन वेळी आजारी पडला आणि बाबा निवृत्त होऊन घरी नुसतेच येरझारा घालत होते, म्हणून बायकोने त्यांना इथे आणलं. सूपसुद्धा ते 'एक-दोन, एक-दोन' असं ढवळतात. चहा शिस्तीत येतो आणि शिस्तीत प्यावा लागतो.

एका संध्याकाळी ते माझ्या खांद्याला मलम चोळत होते.

"जावईबापू, एकाच जागी इतक्यांदा कशाला हाणता? एकदा हाणलं की पोचत नाही का खाली?"

"पोचतं हो बाबा. पण वाऱ्याची, पाण्याची कुरबुर त्यात मिसळते. एकेका जागी दहा-दहा ठोके मारायचे आणि त्यांची बेरीज करायची. मग कुरबुर मरते आणि तळाचा आवाज वर येतो. जितके ठोके जास्त, तितकं चित्र स्वच्छ."

"आणि हा खांदा?"

"खांदा विज्ञानाला अर्पण!"

"हं," बाबा म्हणाले, आणि विज्ञानाला अर्पण केलेल्या भागावर त्यांनी असा अंगठा दाबला की मला दिवसा तारे दिसले.

ठोका तिसरा

माझं बायकोशी वैर मुळीच नाही. फक्त तिला कधी कधी असं वाटतं की आपलं रडार म्हणजे

(रद्द. बायको मागून वाचत होती.)

ठोका तिसरा, पुन्हा

बायको अत्यंत हुशार आहे.

तर, माझं नोंदयंत्र चोवीस तास चालू असे. हिमनदी आपल्या मनाने कधी कुरकुरते, ते टिपायला. एका सकाळी नोंदी चाळताना मी ताडकन उठलो, इतका की तंबूच्या खांबाला डोकं आपटलं. पहाटे साडेपाचला झटके होते! एक नाही, दोन नाही, अकरा! दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच, पुन्हा अकरा. तिसऱ्या दिवशीही तेच!

आता हिमनद्या अशा सरकतात, हे खोटं नाही. तळाशी अडकतात, ताण साठतो, मग झटका देऊन पुढे जातात. दिवसाच्या ठरावीक वेळीही देतात. पण अकरा? रोज? मोजून? माझ्या अंगावर काटा आला. नदीच्या वरच्या टोकाला, उंचवट्यापलीकडे, जिथे माझी जिओफोनची ओळ संपते आणि झटके सगळ्यात जोरात होते, तिथे तळाशी ओला, लोण्यासारखा चिखल असणार, आणि अख्खी हिमनदी रोज पहाटे त्यावरून घसरत असणार!

आठवडाभर हेच चाललं, तेव्हा मी मोहिमेच्या साहेबांना सॅटेलाइट फोन लावला.

"साहेब, क्रांती झाली!"

"कुठे? तिथे चारच तर माणसं आहात."

मी सगळं सांगितलं.

"हे बघा, ड्रिलचं इंधन तळापर्यंतच्या एकाच भोकाला पुरेल. भोक एकच. ते लाल झेंड्यापाशी पाडायचं ठरलंय. तुम्ही म्हणता वर पाडा?"

"वर, साहेब! मी जबाबदारी घेतो!"

"बायकोला विचारलंत?"

"विज्ञानात बायको नसते, साहेब!"

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या ऐटीत बोललो. आता आठवलं की कान गरम होतात.

ठोका चौथा

मी वरच्या टोकाला निळा झेंडा रोवला. बायको भांडेल म्हणून मी रात्रभर, म्हणजे निदान झोप लागेपर्यंत, उत्तरं घोकून ठेवली होती. ती भांडलीच नाही. तिने दोन मोसमांचा नकाशा काढला, लाल खूण बोटाने एकदा चाचपली, आणि नकाशा घडीवर घडी घालून पेटीत ठेवून दिला.

"तुला पटलं ना?" मी विचारलं.

"तुझे झटके खरे असतील तर पटायलाच हवं," ती म्हणाली आणि हातमोजे शोधायला लागली. हातमोजे तिच्या हातातच होते.

भांडली असती तर बरं झालं असतं हो! पण अकरा झटके! नऊ दिवस! मी तरी काय करणार?

चहा देताना बाबा हळूच म्हणाले, "जावईबापू, चित्र स्वच्छ येतंय ना आताशा?"

"आरशासारखं, बाबा!"

ते इतके खूश झाले की साखर दोनदा घातली.

ठोका पाचवा

ड्रिल चालवणाऱ्या बाई चौथ्या. त्यांना आम्ही 'तोफ' म्हणतो, अर्थात माघारी. गरम पाण्याच्या फवाऱ्याने बर्फात भोक पाडणं हे त्यांचं काम, आणि ऐकीव गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

"यंत्र हलवायच्या आधी मला तुमचा चमत्कार डोळ्यांनी बघायचाय," त्या म्हणाल्या.

"उद्याच बघा! पावणेसहापर्यंत तुमचे डोळे पांढरे होतील!"

दहाव्या पहाटे पाच-पंचवीसला आम्ही तिघं यंत्रांच्या तंबूत पडद्यासमोर बसलो. बाबांना उगाच त्रास नको म्हणून काही सांगितलं नव्हतं. बाहेर नुकतं उजाडलं होतं.

साडेपाच.

पडद्यावर रेघ उसळली. एक!

"बघा!" मी.

दोन. तीन. चार. तोफबाई पुढे सरकल्या. पाच. सहा. माझी छाती इतकी फुगली की जाकिटाची चेन खाली यायला लागली. सात!

मग काहीच नाही.

"काय झालं?" तोफबाई म्हणाल्या. "दमली का तुमची हिमनदी?"

"ताण साठवतेय," मी म्हणालो. "हे फार महत्त्वाचं आहे. ही विश्रांती आजवर कुणी..."

बायको उठली. तिने तंबूची कनात बाजूला केली, दुर्बीण घेऊन उंचवट्यावर चढली आणि पलीकडे बघत राहिली. मग मोठ्याने म्हणाली,

"दमलीच आहे. तुझी हिमनदी माकडटोपी घालून उभी आहे आणि आता कंबर धरून वाकली आहे."

ठोका सहावा

मी जिओफोन तुडवत धावलो. ओळीच्या टोकाला माझा पाट होता, पाटाशेजारी बाबा होते, आणि बाबांच्या हातात माझा आठ किलोचा हातोडा!

"बाबा! हे काय चाललंय?"

"अरे, उठलात? थांबा, चार राहिलेत." आणि त्यांनी माझ्यादेखत चारही हाणले. आठ, नऊ, दहा, अकरा. मग घाम पुसला. "बर्फ वितळून चहाचं पाणी व्हायला पंचवीस मिनिटं लागतात. नुसतं बसून काय करायचं? म्हटलं, जावयाचा खांदा दुखतोय, आपण थोडे मारून ठेवू. तुम्हीच म्हणालात ना, जितके जास्त तितकं स्वच्छ?"

"पण अकराच का?"

"दहा तुमचे. एक वरचा, मोजण्यात चूक झाली असली तर."

मागून तोफबाई तोंडावर हात धरून येत होत्या. तुम्ही म्हणाल, वरून मारलेला ठोका आणि खालून आलेला झटका यातला फरक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. कळतो. पण ज्यांवरून हातोडा ओळखू येतो, त्या पृष्ठभागावरच्या उथळ लाटाच मी नको म्हणून आधी नोंदीतून गाळून टाकल्या होत्या. म्हणजे चहा ओतून दिला आणि चोथा पिऊन वा वा करत बसलो!

"माझं काही चुकलं का?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

मी तोंड उघडलं. बायको माझ्याकडे बघत होती.

"नाही बाबा," मी म्हणालो. "ठोके उत्तम आहेत. ऐकणारा गाढव आहे."

ठोका सातवा

निळा झेंडा मी स्वतः उपटला. साहेबांना फोनही स्वतः केला. ते हसले नाहीत. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि मग लांबून हसले.

लाल झेंड्यापाशी दोन दिवस ड्रिल चाललं. दोनशे बारा मीटरवर भोकातलं पाणी एकाएकी खाली गेलं, नळ सोडल्यासारखं. म्हणजे तळाशी पाण्याला वाट होती. म्हणजे तिथे पाणी होतं. म्हणजे बायकोचं खरं होतं. तोफबाईंनी टोपी उडवली. बायकोने नुसता माझा हात धरला. दुखऱ्या खांद्याचाच, पण मी ओरडलो नाही.

पुढे तिने बाबांचे दहा सकाळींचे एकशे दहा ठोके घेऊन त्यांची बेरीज केली. एकच जागा, एकच जोर, शिस्तीतलं अंतर! त्यातून तळाची रेघ अशी लख्ख उमटली, की अख्ख्या मोसमात माझ्या हातून तशी उमटली नव्हती. साहेबांनीही ती पाहिली.

काल पुढच्या मोसमाची यादी आली. रडार: बायको. ड्रिल: तोफबाई. हातोडा: बाबा. आणि स्वयंपाक या शब्दापुढे माझं नाव.

मी कडक शब्दांत निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीनंतर उठलो आणि बाबांना विचारलं, सूपमध्ये मीठ नेमकं कधी घालतात.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"अजिबात काळजी करू नका, जावईबापू. तुम्ही निवांत झोपा. पहाटे उठून मी थोडंसं शिजवून ठेवत जाईन. कुणाला कळायचंसुद्धा नाही!"