विमानातली डबल बेल

"प्रवास म्हंजी प्रवास! चाकं डांबरावर असू द्या न्हाईतर आभाळात, नेम त्येच!"

वारूळवाडीच्या सोमनाथभाऊंनी चहाच्या टपरीवर हे जाहीर केलं, तेव्हा त्यांनी विमान फक्त मान वर करून पाहिलं होतं. पण माणूस एसटीचा कंडक्टर! उभी हयात गाडीत उभं राहून काढलेली. एक घंटी मारली की गाडी थांबायची, दोन मारल्या की सुटायची. निवृत्त झाल्यावरही घरात कुणी उंबऱ्यात रेंगाळलं की हे ओरडायचे, "पुढं सरका!"

दोन हजार तीन सालची गोष्ट. जुन्नरचे दस्तगीरभाई, गाद्या भरणारे, सोमनाथभाऊंचे जुने दोस्त. त्यांचा मुलगा नुमान दिल्लीला नोकरीला. त्याला मुलगी झाली, नाव ठेवलं शिफा. त्यानं वडलांना विमानाची तिकिटं धाडली, दोन. पण त्यांच्या बायकोचे, रहिमाबींचे, गुडघे धरलेले. त्यांनी सोमनाथभाऊंना बोलावून घेतलं.

"भाऊ, माझ्या जागी तुमी जावा. ह्यांना शुगर हाय. नातीचं तोंड दावा अन् धड मानूस परत आना. बाकी मला काय बी नको."

"वैनी, निर्धास्त ऱ्हावा! एकदा झुंबरबाईला गाडीत सापाचं इख चढलं, तर म्या अख्खी एसटी पाशिंजरांसकट दवाखान्याच्या दारात उभी केली व्हती! बाई आजून भांडती गावात!"

निघायच्या सकाळी रहिमाबींनी भाकरी आणि कांद्याची चटणी बांधून दिली. सोमनाथभाऊंनी ती दारातच परत केली. "नेम पयला: प्रवासात पोट रिकामं. म्हंजी उलटी न्हाई."

"आरं, पर भूक..." दस्तगीरभाई म्हणाले.

"दिल्लीत जेव!"

दस्तगीरभाई गरीब माणूस. त्यांनी शुगरची गोळी तेवढी नेमानं घेतली आणि मुकाट गाडीत बसले.

विमान सुटलं. हवाई सुंदरी ताटलीत लिमलेटच्या गोळ्या घेऊन आली. दस्तगीरभाईंनी एक उचलली, ती सोमनाथभाऊंनी घारीसारखी झडप घालून काढून घेतली आणि खिशात टाकली. "शुगर हाय ना तुला? वैनीला काय तोंड दावू?" मग नाश्ता आला. तोही परत गेला, दोघांचा! सोमनाथभाऊंच्या पोटात कावळे ओरडत होते, पण नेम म्हणजे नेम.

थोड्या वेळानं दस्तगीरभाई बसल्या जागची गादी चाचपू लागले. "कापूस कमी भरलाय," ते पुटपुटले. "फसवलंय गिऱ्हाइकाला."

सोमनाथभाऊ हसले. दुकान सुटतंय का माणसाचं!

"पुन्हा उसवाय पायजे," म्हणून दस्तगीरभाई खरंच शिवण ओढू लागले. हात थरथरत होते. कपाळावर घामाचे थेंब, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. सोमनाथभाऊंनी खांद्याला धरून हलवलं. "दस्तगीर! ए दस्तगीर!"

दस्तगीरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळखच नव्हती.

"तुमी कोन, पावणं?"

उंबऱ्यात उभ्या रहिमाबी सोमनाथभाऊंच्या डोळ्यांपुढे आल्या. धड मानूस परत आना!

त्यांनी डोक्यावरचं बटण दाबलं. टिंग! एक घंटी. गाडी थांबायला हवी होती. विमान मात्र ढगांतून तसंच चाललेलं!

"थांबवा! पाशिंजर आजारी हाय!" सोमनाथभाऊ उठून ओरडले. "खिडकीवाले, काचा उघडा! वारा येऊ द्या!"

खिडकीवाला बिचारा काच चाचपायला लागला. पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. हवाई सुंदरी धावत आली. "सर, प्लीज बैठ जाइए!"

"बैठता काय, बाई! मेरा मानूस जा रहा है! गाडी नीचे लो! दवाखाने के दार में लगाव!"

"सर, नीचे जंगल है!"

"मंग जंगल के पुढं लो!"

तोवर अर्धं विमान उभं राहिलं होतं. सोमनाथभाऊ दोन्ही हात पसरून गर्दी हटवू लागले, "पुढं सरका! पुढं सरका!" दुसरी हवाई सुंदरी गर्दीतून वाट काढत संत्र्याचा रस घेऊन आली आणि तिनं पेला दस्तगीरभाईंच्या ओठांशी नेला. सोमनाथभाऊंनी तो हिसकावला.

"शुगर है उनको! मारती काय?"

दस्तगीरभाईंची मान एका बाजूला कलली. ओठ पांढरे पडलेले. सोमनाथभाऊंनी त्यांचा गार हात घट्ट धरला. "दस्तगीर, आरं नात बघायची ना रं तुला..."

डॉक्टर कुणी आहे का, अशी हाक झाली. मागच्या रांगेतून एक तरुण बाई आली. तिनं नाडी धरली, डोळे पाहिले.

"मी डॉक्टर प्रज्ञा. यांना काय त्रास आहे?"

"शुगर! पर गोडाचा कण पोटात जाऊ दिला न्हाई म्या! डोळ्यांत तेल घालून राखलंय!"

"सकाळी गोळी घेतली?"

"घेतली."

"आणि खाल्लं काय?"

"काय बी न्हाई!" सोमनाथभाऊंनी छाती काढून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की छाती आपोआप आत गेली. "अहो, साखर पार उतरलीय यांची! तो रस द्या इकडे!"

"पर शुगर..."

"कंडक्टर," बाई म्हणाल्या, कारण एव्हाना हा गृहस्थ कोण ते अख्ख्या विमानाला कळलं होतं, "मागं सरका!"

उभ्या आयुष्यात सोमनाथभाऊंना हे कुणी म्हटलं नव्हतं. ते मागं सरकले.

बाईंनी रसात साखर ढवळली. दस्तगीरभाईंना सावध करत, घोट घोट गिळवत पाजलं. एक घोट. दुसरा. सगळं विमान श्वास रोखून त्या गळ्याकडे बघत होतं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग थरथर कमी झाली. ओठांवर रंग आला. दस्तगीरभाईंनी डोळे उघडले आणि ते क्षीण आवाजात म्हणाले, "सोमनाथ... भाकरी हाय का रं?"

सोमनाथभाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले. खिशातली लिमलेटची गोळी काढून त्यांनी गुपचूप दोस्ताच्या हातात ठेवली. हवाई सुंदरीनं नाश्ता आणला. दस्तगीरभाई जेवू लागले, माणसं टाळ्या वाजवू लागली.

"आता काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आजोबा, शुगरची गोळी घेऊन उपाशी राहायचं, हा शहाणपणा कुणी शिकवला तुम्हाला?"

दस्तगीरभाईंचा घास थांबला. त्यांची मान सावकाश वळली. त्यांच्यामागे डॉक्टरीणबाईंची, हवाई सुंदऱ्यांची आणि दोन्हीकडच्या रांगांचीही वळली.

सोमनाथभाऊंचा हात चटकन वर गेला. टिंग टिंग!

"चला, जाऊ द्या!"