घोडी म्होरं पायजे

जुन्नरच्या पेठेतले किराणा व्यापारी दलीचंद शेटजी यांनी १९०८ च्या उन्हाळ्यात ठरवलं, की आता घरची बैलगाडी घ्यायची. गाडी एकच, तिनंच गुळाच्या ढेपा ओढायच्या आणि तिनंच घरच्या बायकामाणसांना फिरवून आणायचं. "मालाची जोडी वेगळी, बसायची वेगळी," असं सगळी पेठ सांगत होती. पण पेठेचं ऐकतील तर ते शेटजी कसले!

बैल बघायला ते महाळुंगे पडवळच्या रखमाजीकडे गेले. त्याची जोडी जत्रेतल्या शर्यतीत गाड्याला पळायची आणि गाड्यापुढं त्याची पांढरी घोडी. भरल्या गाडीला जुंपून दाखवली तेव्हाही घोडी पुढं आणि जोडी तिच्यामागं सुसाट. शेटजी जाग्यावर खूश.

"शेट, खरं सांगतो," रखमाजी म्हणाला, "घोडी म्होरं असली तरच ह्ये पळत्यात. न्हाईतर लई निवांत. तुमी दुसरी जोडी बघा."

शेटजी मनात हसले. आपल्याच मालाची खोट सांगणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता (आरशातसुद्धा नाही). गड्याला जोडी सोडवत नाही म्हणून थापा मारतोय, असं धरून त्यांनी तीच जोडी घरी आणली.

पंधरा दिवसांनी शेटजींच्या आई, पानबाई, नारायणगावला लेकीला भेटायला निघाल्या. लेकीच्या घरी पाणीही प्यायचं नाही आणि दिवस मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, हे त्यांचे दोन नेम. म्हणजे उपाशी जायचं आणि उजेडी घरी येऊन जेवायचं.

"काळजीच नको. आपली जोडी आहे!" शेटजी म्हणाले आणि बायकोला शेजारी घेऊन स्वतःच गाडी हाकायला बसले.

जाताना सकाळच्या गारव्यात जोडी बरी चालली, परतताना मात्र तिनं निवांतपणा दाखवला. बैल एकेक पाऊल विचार करून टाकू लागले. शेटजी जैन, चाबकाला हात लावायचा नाही, तेव्हा नुसती आर्जवं. "चला राजांनो! पाया पडतो तुमच्या!" त्यावर एका बैलानं वळून पाहिलं आणि तो उभाच राहिला. जुन्नर अजून दीड कोस होतं आणि सूर्य शिवनेरीकडे कलला होता.

"राहू दे रे, उद्या सकाळी जेवीन," पानबाई हळूच म्हणाल्या.

शेटजींना स्वतःचाच राग आला. सत्तरीची म्हातारी, आणि आपल्या हट्टापायी रात्रभर उपाशी राहणार!

"अहो, रखमाजी काय म्हणाला होता?" शेजारी बसलेल्या बायकोनं, झमकूबाईंनी, विचारलं.

"घोडी पुढं पाहिजे म्हणाला. आता इथं घोडी कुठून आणू?"

झमकूबाईंनी नवऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतराकडे पाहिलं. मग कासरा हातात घेतला.

शेटजी खाली उतरले, उपरणं मागं शेपटीसारखं खोचलं आणि पळत सुटले. बैलांनी कान टवकारले. दुसऱ्याच क्षणी गाडी धडाधडा उधळली आणि शेटजींना थांबायची सोयच उरली नाही. (मागून चार शिंगं येत होती.)

"शेट, काय झालं वो?" बांधावरून ओळखीचा शेतकरी चिमाजी ओरडला.

"आई... जेवायचीय!" एवढंच शेटजींच्या तोंडून निघालं.

दिवस हातभर वर असताना पानबाई पाटावर बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला आणि ओसरीवर आडवे पडलेल्या शेटजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पडल्यापडल्याच बैलांना हात जोडले. पानबाई जेवून उठल्या, त्यांनी दोन्ही बैलांना गूळ भरवला. "गुणाची गं जनावरं!" (लेकाला गूळ नाही.)

चार दिवसांनी रखमाजी नारळ घेऊन दारात उभा. शेटजी लंगडत पुढं आले आणि त्यांनी त्याचे हात धरले. "तुमचे फार उपकार झाले, रखमाजी! तुम्ही खरं बोललात आणि मी तुम्हाला थापाड्या समजलो. तुमच्यामुळं माझी आई जेवली. काय पाहिजे ते मागा!"

रखमाजी जरा अवघडला. "मागू का? जत्रंपुरती जोडी पायजे व्हती. पर आमची घोडी गाभण हाये... तवा म्हनलं, शेट मोकळं हायेत का?"

शेटजींनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं.

"न्या की," झमकूबाई म्हणाल्या. "फक्त दिवस मावळायच्या आत घरी आणून सोडा. त्यांनाही जेवायचं असतं."