लाल रंगाचे दोन हात

बाथरूमच्या माळ्यावरची गरम पाण्याची टाकी वडिलांनी स्वतः बनवली होती, आणि ते गेल्यापासून धाकट्याला ती भंगारात घालायची घाई झाली होती.

"ताई, एकोणीस वर्षं झाली तिला. फुटेल एखाद्या दिवशी."

"कांडी बदलली की नाही फुटत," ताई म्हणाली. टाकी काढू नका, एवढं एकच आईने मागितलं होतं आणि ताईने शब्द दिला होता.

वडील बोटींच्या कारखान्यात फोरमन. गंजाने लोखंडाला तोंड लावू नये म्हणून त्याच्यापुढे आधी दुसरं काहीतरी ठेवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. बोटीच्या तळाला जस्ताच्या वड्या, घरच्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी. दर दोन वर्षांनी ते प्लंबरला बोलावत आणि काम स्वतःच करत. प्लंबरने फक्त बोलणी खायची.

या खेपेला बिचाऱ्याला पहिल्यांदाच काम करावं लागलं. त्याने जुनी कांडी बाहेर काढली. अंगठ्याएवढ्या जाड कांडीची नुसती तार उरली होती, तिला चिकटलेले दोनचार पांढरट खडे.

आईने ती हातात घेतली. "ही अशी झाली?"

"हिने झिजायचंच असतं, आई. ही झिजते म्हणून टाकी टिकते," ताई म्हणाली.

शेवटच्या दोन महिन्यांत वडिलांचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. ते परत मनगटावर आणायचं काम आईचं होतं. ती तार घेऊन आत गेली.

नव्या कांडीचं डोकं मोठं निघालं, पाना बसेना. प्लंबर कांडी खिडकीत ठेवून गेला आणि दुसऱ्या दिवशी मोठा पाना आणून बसवून गेला.

वर्षभराने पाणी पिवळट यायला लागलं.

"टाकी गेली," धाकटा म्हणाला.

"वरून येणारं पाणीच तसलं आहे. कांडी नवी आहे." ताईचा सूर थेट वडिलांचा होता. तिने नळाला गाळणी बांधली. पाणी चहासारखं झालं, तिने गाळणी बदलली. मग एका सकाळी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट वर आले.

"माझ्या पेशंटने आ केला आणि छतावरून तोंडात थेंब पडला!"

"अगंबाई! मग?"

"मग काय! पाणी छान कोमट आहे म्हणाला. पण ते कुठून आलं, ते मला कळलं ना!"

प्लंबरने टाकी खाली उतरवली. तळाला बोट लावलं तर बोट आत गेलं. मग त्याने कांडी काढली. ती अखंड होती. लालभडक. एक ओरखडा नाही.

"हा रंग कसला?" ताईने विचारलं.

"बसवतानाच होता की. मला वाटलं, साहेब सांगून गेले असतील. तुमच्या घरात प्रश्न विचारायची माझी टाप आहे का?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"त्यांच्या डब्यातला बोटींचा रंग," ती म्हणाली. "दोन हात दिले. पेचाच्या आट्यांना लागू दिला नाही हं." तिने कांडी उजेडात फिरवून पाहिली. "बघ, काही झालं नाही हिला."

ताईला हसू फुटलं. तिने टॉवेल तोंडावर धरला, आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही. मग बादलीवर बसून तिने आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं: रंगाखाली कांडी झिजली नाही, म्हणून गंजाने टाकी खाल्ली.

रविवारी तिघं नवी टाकी घ्यायला गेली. दुकानदाराने सगळ्यात महागडीवर थाप मारली.

"ही घ्या, आजी. बदलायची भानगड नाही, झिजण्यासारखं आत काही नाहीच."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

"घेऊन टाकू, आई," धाकटा म्हणाला.

आई तोवर पायरी उतरली होती.

"हिच्यात कुणीच नाहीये रे," ती म्हणाली आणि पुढच्या दुकानाकडे चालू लागली.