शुद्ध पाण्याची कॉफी

"या वर्षी मी रोज जेवायच्या वेळेला घरी!" हार्लन पेल्कीने मार्च लागताच जाहीर करून टाकलं.

व्हरमाँटमधल्या त्या डोंगराळ गावात मार्च महिन्यात जेवायला घरी असणारा पुरुष म्हणजे एकतर आजारी, नाहीतर मेपलची झाडं नसलेला. झाडांतून रस ठिबकू लागला, की तो आटवून पाक करायला गुऱ्हाळात चुलाण पेटतं आणि घरधनी काहिलीपुढे उभा राहून दाढी वाढवत बसतो. सासरेबुवा एल्विन यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्यांनी गुऱ्हाळ जावयाच्या हाती दिलं, तेही परीक्षेवर. "या हंगामात बघतो तुझा पाक," ते म्हणाले होते, "मग ठरवतो गुऱ्हाळ तुला द्यायचं की विकायचं."

हार्लनने तडक एक जुनं यंत्र विकत आणलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या आरओचा हा थोरला भाऊ! फरक इतकाच, की घरी आपण पाणी ठेवतो आणि उरलेलं सोडून देतो. इथे पाणी वेगळं काढायचं आणि उरलेला गोड रस काहिलीत सोडायचा. निम्मं पाणी आधीच गेलं, की निम्मी लाकडं वाचतात.

"रसाला गाळून त्याचा जीव काढणार!" एल्विन म्हणाले.

"जीव नाही बाबा, पाणी. फक्त पाणी!"

यंत्राची बडदास्त मात्र जावयासारखी होती. ते गारठलं तर आतला पडदा फाटणार, म्हणून हार्लनने त्याला गोधडी पांघरली. काम झालं की त्याला अंघोळ, आणि मधूनमधून खास साबणाने अभ्यंगस्नान.

"माझ्या मावशीची गोधडी आहे ती," बायको डोरीन म्हणाली. "मला सर्दी झाली तेव्हा मिळाली नव्हती!"

"तुझा पडदा फाटत नाही, डोरीन."

"आता फाटेल. कानाचा. किती घरघरतं ते!"

गावात दरवर्षी एका रविवारी गुऱ्हाळं सगळ्यांसाठी खुली असतात. लोक येतात, वाफेत उभे राहून गप्पा मारतात, आणि ताटलीतल्या बर्फावर गरम पाक ओतून खातात. सोबत डोनट, आणि गोडावर उतारा म्हणून लोणच्यातली काकडी. हार्लनने सांगून ठेवलं होतं, "या रविवारी जुना पाक अजिबात नाही! डोळ्यांसमोर काढीन आणि डोळ्यांसमोर वाढीन!"

आदल्या दिवशी त्याने यंत्राला साग्रसंगीत न्हाऊ घातलं. नळ्या काढल्या, घासल्या, वाळवल्या आणि परत जोडल्या. दोन्ही नळ्या पांढऱ्या. एक गोड रसाची, एक पाण्याची.

"कुठली कुठे ते लक्षात आहे ना?" डोरीनने दारातून विचारलं.

"माझ्याच हाताने काढल्यात या नळ्या! डोळे मिटून जोडीन."

बहुतेक त्याने डोळे मिटूनच जोडल्या.

रविवारी सकाळी यंत्र सुरू झालं आणि काहिलीवरची टाकी भराभर भरू लागली. "बघा बाबा, काय वेग आहे!" हार्लन ओरडला. एल्विन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होते. दुसऱ्या टाकीत 'शुद्ध पाणी' साठत होतं. हार्लनने त्याच्या दोन बादल्या घेऊन गुऱ्हाळाची जमीन पुसून काढली, बाकं पुसली. "इतकं शुद्ध पाणी राजालाही मिळत नाही! डोरीन, कॉफीलाही हेच घे!"

पाहुणे जमले. चुलाण धडधडत होतं. वाफ तर अशी, की समोरचा माणूस ओळखू येईना. ताटल्यांत बर्फ मांडला, डोनट आले, काकड्या आल्या. पाक तेवढा येईना.

"झालाच!" हार्लन म्हणाला.

ताटल्यांतला बर्फ वितळला. पुन्हा बाहेरून बर्फ आणला.

"झालाच! चांगल्या गोष्टीला वेळ लागतो."

"वेळ वाचवायलाच यंत्र आणलं होतंस ना?" एल्विन म्हणाले.

थर्मामीटरचा काटा पाणी उकळतं तिथे येऊन जो बसला, तो तिथेच. पाक व्हायचा तर तो आणखी वर चढायला हवा. हार्लनने त्यावर टिचकी मारली, फुंकर मारली, शेवटी विनवणीही केली.

"साबण राहिला असेल आत," एल्विन म्हणाले.

"साबण? माझ्या यंत्रात? पाच वेळा धुतलंय मी!" हार्लनने आणखी लाकडं कोंबली.

तिकडे कॉफीपाशी मात्र झुंबड उडाली होती. निवृत्त टपालवाले क्लेटन तिसरा कप घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांची साखर पार तोडली होती.

"डोरीन, खरं सांग, यात साखर नाही ना?"

"एक दाणाही नाही, क्लेटनकाका! देवाशपथ!"

"मग इतकी गोड कशी लागते?"

"पाणी शुद्ध आहे!" हार्लन वाफेतून ओरडला. "शुद्ध पाण्याने कॉफीची मूळ गोडी उतरते!"

"ऐकलंत?" क्लेटन सगळ्यांना सांगू लागले. "इतकी वर्षं आपण गढूळ पाणी पीत होतो!" आणि चौथ्या कपासाठी वळले, पण बूट वळेनात. चर्र असा आवाज झाला. बाकावरच्या दोन बायका उठायला गेल्या, तर बाकही थोडं उठलं.

"कोणीतरी काहीतरी सांडलंय," हार्लन वैतागून म्हणाला, आणि शुद्ध पाण्याची आणखी एक बादली ओतून त्याने जमीन पुन्हा पुसली.

सकाळपासून वाढता वाढता डोरीनच्या घशाखाली कॉफीचा थेंब गेला नव्हता. तिला कॉफी कडूच आवडते, बिनसाखरेची. तिने आता कप भरला, एक घोट घेतला आणि थांबली. कप खाली ठेवला. शुद्ध पाण्याच्या टाकीत बोट बुडवून चाटलं. मग काहिलीतलं पळीभर घेऊन, फुंकून, चाखलं.

"हार्लन," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "तू सकाळपासून काय उकळतोयस?"

"रस!"

"चाखून बघ."

हार्लनने चाखलं.

"गरम पाणी," तो पुटपुटला.

"म्हणजे मी काय प्यायलो?" क्लेटन किंचाळले.

हसण्याने छप्पर उडायचंच बाकी राहिलं. डोरीनने बाह्या सरसावल्या, यंत्र बंद केलं, नळ्या अदलाबदल करून जोडल्या, काहील रिकामी केली आणि टाकीत उरलेला गोड रस तिच्यात सोडला. उरलं होतं ते थोडकंच; बाकीचं निम्मं लोकांच्या पोटात, निम्मं जमिनीवर! पण ते इतकं दाट होतं की बघता बघता काटा चढला, आणि सोनेरी पाक पळीवरून पडद्यासारखा ओघळू लागला. ताटल्यांत पुन्हा बर्फ आला. हार्लनने पहिली पळी सासरेबुवांच्या ताटलीत ओतली.

एल्विननी खाल्लं. डोळे मिटले. काकडीचा तुकडा चावला. पुन्हा खाल्लं.

"माझ्यापेक्षा बरा झालाय," ते अखेर म्हणाले. "लाकडंही कमी लागली, म्हणजे नंतर लागली तेवढीच धरली तर. गुऱ्हाळ विकत नाही. यंत्रही राहू दे."

हार्लनची छाती फुगली.

"जावई तेवढा बदलून मिळतो का बघ, डोरीन."

"नाही मिळत, बाबा. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं होतं. परत घेत नाही म्हणाल्या."

पुन्हा हशा उसळला. हार्लनने टोपी उचलली, मान ताठ केली आणि रागारागाने बाहेर पडायचं ठरवलं. पण त्याचे दोन्ही बूट जमिनीला घट्ट चिकटले होते.