पाचव्या विश्वात सकाळी साडेनऊला

तक्तेमास्तरांच्या लेकीने गेल्या वर्षभरात बापाशी बोलायला एकूण चार शब्द वापरले होते: हं, नको, माहितीये आणि नंतर. त्यामुळे ती एका सोमवारी स्वतःहून त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मास्तरांनी घाईघाईने चष्मा चढवून ती आपलीच लेक आहे ना, याची खात्री करून घेतली.

"बाबा, तुम्हाला तक्ते जमतात ना?"

जमतात? बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावण्यात मास्तरांची चोवीस वर्षं गेली होती. कुठला ड्रायव्हर किती वाजता कुठल्या थांब्यावर, हे ते झोपेतही सांगत. लेकीचं काम मात्र जरा वेगळं होतं. पुढच्या सोमवारी कॉलेजच्या सिनेमा मंडळात तिला महानायकांच्या एका गोतावळ्याचा नकाशा मांडायचा होता. अकरा सिनेमे, चार टीव्ही मालिका, सहा विश्वं, आणि तोच माणूस प्रत्येक विश्वात निराळा. तिच्याआधी तिघांनी हात टेकले होते.

आठवडाभर बापलेक जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसले. मास्तरांनी डेपोचाच छापील कागद घेतला. डावीकडे थांब्यांचे नंबर असत, तिथे विश्वं बसवली. वर तास छापलेले होते, तिथे एकेका तासाला एकेक वर्ष धरलं. महानायकांची नावं काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून सगळ्यांना नंबर दिले, एक ते चौदा. सिनेमाला लाल रेघ, मालिकेला निळी, आणि मेला की फुली.

"हा अकरा नंबर आठ वाजता मेला, मग साडेआठला लग्नात कसा?"

"बाबा, ते दुसरं विश्व आहे. तो दुसरा अकरा."

"मग त्याला पंधरा नंबर दे. एकाच नंबरावर दोन माणसं? आमच्याकडे साहेब उभं जाळतील!"

लेक टेबलावर डोकं ठेवून हसली. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. हे काम संपूच नये, असं त्यांना मनापासून वाटू लागलं.

ठरलेल्या सोमवारी घरातून दोन गुंडाळ्या निघाल्या, एक लेकीची आणि एक डेपोच्या नव्या तक्त्याची. कागद तोच, रबरही तसंच. तक्त्यावर मथळा लिहायची मास्तरांना सवय नव्हती, कारण जन्मात त्यांनी एकाच प्रकारचा तक्ता केला होता. डेपोत पोचताच त्यांनी गुंडाळी वॉचमनच्या हाती दिली आणि चहा घेत बसले. वॉचमनने ती फळ्यावर डकवली. डेपोत लाल रेघ म्हणजे गाडी चालू, निळी म्हणजे थांबून राहायचं, फुली म्हणजे सुट्टी. चौदा ड्रायव्हरांनी आपापला नंबर पाहिला, वेळा डायरीत उतरवल्या आणि मुकाट्याने गाड्या काढल्या.

नऊच्या सुमारास अकरा नंबरचा ड्रायव्हर गाडी डेपोत लावून किल्ली परत द्यायला हजर.

"मास्तर, देवमाणूस आहात! बायकोला दवाखान्यात न्यायचंय हे तुम्हाला कसं कळलं? आठपासून फुली मारलीत!"

"मी? कुठे?"

"आणि साडेनऊला सगळ्यांना पाच नंबरच्या थांब्यावर का बोलावलंत? कुणाचा सत्कार आहे का?"

मास्तर फळ्याकडे धावले आणि जागीच थिजले. पाचव्या विश्वात साडेनऊला सगळे महानायक शेवटच्या लढाईसाठी जमत होते. डेपोचा पाच नंबरचा थांबा म्हणजे लेकीच्या कॉलेजचं फाटक. नोकरीचं काय व्हायचं ते होवो; दहा वाजता लेक बसचं वेळापत्रक घेऊन चारचौघांत उभी राहणार, सगळे फिदीफिदी हसणार, आणि घरात पुन्हा तेच चार शब्द. त्यांनी तक्ता उपटला आणि अकरा नंबरच्या स्कूटरवर उडी मारली.

"चला, मला कॉलेजवरूनच जायचंय," तो म्हणाला.

मास्तरांना फाटकापाशी उतरवून अकरा नंबर तसाच पुढे गेला. तिथे तेरा बस नाकाला नाक लावून उभ्या होत्या. प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते, हॉर्न कोकलत होते, आणि सगळं कॉलेज पायऱ्यांवर लोटलं होतं. लेक रडवेल्या चेहऱ्याने पुढे आली.

"बाबा, हे काय दिलंत? यात कुणी मरतच नाही!"

मास्तरांनी धापा टाकत खरा तक्ता पुढे केला. लेकीने तक्ता पाहिला, बस पाहिल्या, ड्रायव्हरांच्या छातीवरचे बिल्ले पाहिले, आणि तिचे डोळे चमकले.

"काका, तुमचा नंबर चार ना? मग इकडे या. तुम्ही आणि बारा नंबर एकमेकांचे वैरी."

"अगं पोरी, आम्ही साडू आहोत!"

"ते तुमच्या विश्वात. इथे नाही."

बघता बघता तेरा ड्रायव्हर फाटकासमोर सहा विश्वांत विभागले गेले. दोन नंबर भूतकाळात गेला, सात नंबर तीन वेळा जन्मला. "अकरा नंबर कुठाय?" मंडळातल्या कुणीतरी खोचकपणे विचारलं.

"आठलाच सुटला!" तेरा जणांनी एका सुरात सांगितलं.

"बरोबर. तो मेलाय," लेक म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रवाशांनीही वाजवल्या. डेपोचे साहेब मात्र घामाघूम होऊन गर्दीच्या मागे उभे होते.

"मास्तर, उद्या सकाळी लेखी खुलासा माझ्या टेबलावर."

संध्याकाळी मास्तर कोऱ्या कागदापुढे डोकं धरून बसले. लेकीने खुर्ची ओढली, पेन हिसकावलं आणि तीन पानं लिहून काढली. एका विश्वात बाबांनी योग्य तक्ताच लावला होता. साहेब दुर्दैवाने दुसऱ्या विश्वात कामाला आहेत, असं तिचं एकूण म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिन्ही पानं शांतपणे वाचली. मग म्हणाले, "पटलं. महिनाभर तुमची रविवारची सुट्टी रद्द. सुट्टी त्या विश्वात घ्या."

मास्तर पडेल चेहऱ्याने घरी आले. लेकीबरोबर टेबलावर बसायला रविवारच काय तो उरला होता, तोही गेला. त्यांनी चाचरत तिला शिक्षा सांगितली.

"रविवारी डेपोत कोण असतं?" तिने विचारलं.

"कुणी नसतं गं. मी एकटा."

"मग मी येते. बाराव्या सिनेमात सातवं विश्व उघडतंय, कागद जास्त लागेल."