खंडेनवमीची हार्डडिस्क

‘सूर्यभान ठुबे, गुप्तहेर. नजर घारीची, बुद्धी चाणक्याची, चाल मांजराची. आजवर एकही प्रकरण अनुत्तरित नाही.’

ही पाटी आमच्या केडगावच्या घराच्या दारावर आहे आणि मजकूर आमच्या ह्यांचा आहे. चाल मांजराची म्हणे! हे अंगणात उतरले की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसतात. गुप्तहेरानं दारावर पाटी लावायची नसते, एवढं मी सांगून बघितलं. ‘पाटी नसेल तर मी गुप्तहेर आहे हे लोकांना कळणार कसं?’ म्हणाले. बावीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस, रिटायर झाल्यावर घरात गप्प बसेल तर शपथ. मी राहीबाई. ह्यांची बायको, आणि त्यांच्या मते सहायक.

खंडेनवमीला दुपारी शेजारची स्नेहल रडवेली होऊन आली. “काकू, माझी हार्डडिस्क गेली!”

हे सोफ्यावर घोरत होते. ताडकन उठले. “कोण गेली? किती वाजता? शेवटचं कुणी पाहिलं?”

स्नेहल ऊस तोडणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर पीएचडी करते. पाच वर्षं झाली. त्यांच्या झोपड्यांच्या तळावर जाऊन साठ बायकांशी बोलली, पोरांच्या शाळा आणि सासूची औषधं सांभाळून लिहीत बसली. कंप्युटर असा म्हातारा की तो चालू करून भाकऱ्या थापायला बसावं, सगळ्या झाल्या की पडद्यावर चित्र यायचं. म्हणून तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, काल भिंगारच्या कंप्युटर दुरुस्तीवाल्या बिभीषणला बोलावून नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घेतली. जुनी हार्डडिस्क बिभीषणनं खोक्यातून काढून टेबलावर ठेवली. तिच्यातलं सगळं आज नव्यात उतरवून द्यायचं ठरलं होतं. आज तो आला, तर टेबल मोकळं.

“शेवटची दोन प्रकरणं फक्त त्यात आहेत, काकू. सहा वाजता विद्यापीठाचं पोर्टल बंद होतंय. नाही सापडली तर पाच वर्षं पाण्यात!” आणि पोर आमच्या पायरीवर बसून रडायला लागली.

“रडू नकोस,” हे म्हणाले. “मी आहे.” म्हणजे रडायला अजून एक कारण.

स्नेहलच्या घरात देव्हाऱ्यापुढं पूजा मांडलेली होती. पाटावर कोयता, विळा, कल्याणचे पाने-पक्कड आणि वर झेंडूचा हा एवढा ढीग. ह्यांनी आपलं भिंग त्या ढिगावर टेकवलं, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि भिंग पुन्हा उचललं. मग कंप्युटर चालू केला. बारा सेकंदांत चालू झाला.

“हं!” ह्यांनी डोळे बारीक केले. “आधी किती वेळ लागायचा?”

“अठरा मिनिटं.”

“आणि आता बारा सेकंद. म्हणजे सतरा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद कुणीतरी लांबवली. हार्डडिस्क ही किरकोळ चोरी आहे, राही. खरा माल वेळ आहे.”

मी कपाळावर हात मारला. बिभीषणनं चार वाजत आले म्हणून घड्याळ दाखवलं.

“तू बोलू नकोस. तुझ्या नावातच कबुलीजबाब आहे,” हे त्याच्यावर गुरकावले. “लंका कुणी बुडवली?”

“काका, ऐका तरी. मी काल जाताना आजींना...”

“वयस्कर बाईला मधी ओढतोस? लाज नाही वाटत?”

आजी म्हणजे स्नेहलची सासू, झुंबरबाई. त्या दुपारपासनं रेणुकामातेच्या रांगेत होत्या आणि मोबाईल घरी खुंटीला. ‘आल्यावर त्यांनाही विचारू,’ असं मी म्हणाले, तर हे हसले. “त्यांना कंप्युटरमधलं काय कळतंय?” खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. स्नेहल माळ्यावरची गाठोडी उपसत होती, तिनं बिभीषणचं बोलणं ऐकलंच नाही.

मग ह्यांचा दुसरा सिद्धांत आला. कारखानदारांचा कट! ऊसतोड बायकांचे हाल छापले गेले तर साखर कडू होईल, म्हणून रात्रीतून माणूस पाठवला. तो आला कुठून, तर खिडकीतून. खिडकीला जाळी होती. “म्हणजे माणूस बारीक होता,” हे म्हणाले.

तिसऱ्या सिद्धांताला मात्र माझं डोकं सणकलं. हे स्नेहलकडे बोट रोखून म्हणाले, “प्रबंध पुरा झालाच नव्हता. म्हणून हिनंच डिस्क गायब केली!”

“तोंड आवरा!” मी ओरडले. “तिनं पाच वर्षं जे केलं ना, त्यातलं पाच दिवस तुम्हाला झेपलं नसतं!”

हे डायरीत काहीतरी लिहायला लागले. एवढ्यात प्रसादाची पिशवी घेऊन झुंबरबाई दारात उभ्या.

“कोन रडतंय गं? काय झालं?”

“आई, टेबलावरची ती चपटी डबी...”

“ती व्हय? ती तर पूजंत हाय की!” त्यांनी झेंडू बाजूला सारला. खाली हळदकुंकवानं माखलेली हार्डडिस्क. “आज समद्यांची हत्यारं पुजायची. तुजा कंप्युटर मला उचलंना. ह्यो पोरगा काल म्हनला, वहिनीचं समदं काम ह्यात हाय, नीट ठिवा. म्हनून ठिवली, माझ्या कोयत्याच्या शेजारी.”

“तेच सांगत हुतो मी, काका!” बिभीषण कळवळला.

स्नेहलनं हात पुढं केला आणि थांबवला. त्या घरात खंडेनवमीला पूजेतल्या हत्याराला हात लावत नाहीत, भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात. पाच वाजायला आले होते.

“आई, सहाला बंद होतंय.”

झुंबरबाईंनी देवीकडं बघितलं. “आमी पाथर्डीला हुतो तवा बाजरीची काढनी आली की कोन बघत बसतंय खंडेनवमी? पूजा करायचो अन् त्योच विळा घिऊन रानात जायचो. देवी बी बाईच हाय, तिला कळतंय. उचल.”

बिभीषणनं दात घासायच्या ब्रशानं हळद झाडली, वायर जोडली. दोन्ही प्रकरणं जागच्या जागी! स्नेहलनं सासूला मिठीच मारली. हे म्हणाले, “मला पहिल्यापासून पूजेचाच संशय होता.” कुणी लक्ष दिलं नाही.

“ह्यात म्या कुटं हाय?” झुंबरबाईंनी पडद्याकडं वाकून विचारलं. पाथर्डीहून श्रीगोंद्याच्या फडात जाऊन त्यांनी अठरा हंगाम ऊस तोडला होता.

“ह्या बघा. ‘महिला क्रमांक सदतीस’.”

“नंबर?”

“गुप्तता!” हे लगबगीनं पुढं आले. “असल्या कामात खरं नाव...”

“तुमी गप बसा, भाऊ. मुकादम नवरा-बायकू मिळून एक कोयता मोजायचा. अठरा सालं म्या अर्दा कोयता हुते. आता सदतीस करता व्हय? म्या सांगितलंय ते खरं हाय. कुनाला भिऊ? नाव लिव्ह माजं.”

स्नेहलनं आकडा खोडला आणि नाव टाईप केलं. तिचे डोळे भरून आले होते, दोनदा चुकलं.

“लिवलं? मला वाचता येत न्हाई. कुटं हाय ते दाव.”

स्नेहलनं त्यांचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. झुंबरबाईंनी ते बोट नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं.

“हां,” त्या म्हणाल्या. “आता धाड.”